पटासाठी लिहिलेली जन्मतारीख

सोलापुरात मुलींची रग्बी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती मारामारीच वाटली. एक मुलगी लांबट चेंडू काखेत मारून पळते, बाकीच्या तिच्या कमरेला मिठी घालून तिला आडवी करतात, आणि पंच शांतपणे बघत उभे. पळणारी माझी जुनी विद्यार्थिनी होती. सांगोल्याकडे धनगरांच्या वस्तीवरच्या शाळेत मी शिकवते, तिथं तिनं पहिली ते चौथी केली. आता शहरात हॉस्टेलवर राहून बारावी करते. लहानपणी कोकरू असंच काखेत घालून पळायची आणि मी ओरडायचे.

यंदा परदेशात मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, अठरा वर्षांखालची. भारताच्या शिबिरासाठी तिची निवड झाली आणि मी शाळेत पेढे वाटले. चारच दिवसांनी तिच्या प्रशिक्षकांचा फोन आला. दाखल्यावर जन्मतारीख एक जून होती, आणि त्या तारखेनं ती वयाच्या अटीत सात महिन्यांनी बाद होत होती.

"बाई, वय खरंच एवढं आहे का हो तिचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, रजिस्टर बघून सांगते. बघण्यासारखं काही नव्हतं. ती तारीख मीच टाकली होती.

एक जून ही आमच्याकडची घाऊक जन्मतारीख. ज्याचा जन्म कुणी लिहून ठेवला नाही त्याला मास्तर ती देऊन टाकतात. मलाही तीच मिळालीय. पण तिचं सालही मी चुकवलं, आणि त्याला कारण होतं. त्या वर्षी शाळेचा पट एका पोरानं कमी पडत होता. पट घटला की एक शिक्षक जातो, आणि जाणारी मीच होते. म्हणून वस्त्या पालथ्या घातल्या. तिची आई मेंढरं बाहेर काढत होती.

"पाच बी भरली न्हाईत की तिला, बाई," ती म्हणाली. "दिवाळीच्या टायमाला झाली. आमी तवा मेंढरं घिऊन भीमाकाठी हुतो."

"दिसतीय तर मोठी," मी म्हटलं आणि पहिलीच्या पटावर सहाखालचं पोर चालत नाही म्हणून रजिस्टरात सहा वर्षं पूर्ण लिहिली. जवळजवळ दीड वर्ष एका ओळीत वाढवलं. तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही. उलट पोरगी शाळेत आणली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

शनिवारी हॉस्टेलवर जाऊन तिला सगळं सांगितलं. ती कट्ट्यावर बसून बुटांचा चिखल खरवडत होती. मान वर केली नाही.

"मग खऱ्या वयात मी बसते की."

"बसतेस."

"मग तसं लिवून द्या."

शिक्षण विभागाच्या कचेरीतला कारकून ओळखीचा. त्यानं माझा अर्ज दोनदा वाचला. "बाई, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली तुमची. खोटी नोंद केली म्हणून स्वतःच्या हातानं लिहून देताय? चौकशी लागेल." खरं सांगते, मी भ्याले. अर्ज पर्समध्ये घालून सरळ स्टँडवर आले. सांगोल्याची गाडी लागली, भरली, गेली. मी बाकावरच बसून होते. मग स्वतःवरच चिडत परत गेले आणि तिच्या आईच्या जबाबासकट अर्ज त्याच्या टेबलावर ठेवला.

अर्ज वर गेलाय. खाली कधी येईल ते कुणी सांगत नाही. संघाची नावं मात्र पंधरवड्यात पक्की होणार. सराव संपला की रोज तिचा फोन येतो, "बाई, आलं का?" काल मीच बोलून टाकलं, की नावं जाण्याआधी कागद येणं अवघड दिसतंय, मनाची तयारी ठेव.

मला वाटलं आता रडेल, नाहीतर मला चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"न्हाय जमलं तर न्हाय, बाई," ती म्हणाली. "पर अर्ज मागं घिऊ नका. माझं दीड वरीस हाय ते. मला परत पायजे."

मी हो म्हटलं.