टेसाच्या मदतीला तळलेले मासे

अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी तळलेला मासा खाल्ला नाही, तर हा माणूस आजारी आहे की मेला, अशी चौकशी होते. माझा धाकटा भाऊ ड्वेन कुबियाक मिसरूड फुटल्यापासून तलावाकाठच्या बारमध्ये हे मासे तळायचा. मी पुढे दारू ओतायचे, तो मागे कढईशी. शाळा त्याला जमली नाही, बायबल त्याने कधी धड वाचलं नाही, पण बिअरमध्ये भिजवलेलं पीठ किती पातळ हवं हे तो चमचा उचलूनच सांगायचा. बोलायला मात्र मुलखाचा भिडस्त. कुणी अंगावर ग्लास सांडला तर हाच माफी मागेल.

त्याची मुलगी टेसा लहानपणी शुक्रवारी बारच्या मागच्या दाराने आत घुसायची आणि त्याच्या तेलकट अॅप्रनमध्ये तोंड खुपसायची. "बाबा, तुझा वास कुरकुरीत येतो," म्हणायची. ड्वेनला आयुष्यात मिळालेलं हे सगळ्यात मोठं बक्षीस. ओळख नसलेल्या गिऱ्हाइकांनाही तो ते ऐकवायचा.

चौथीत असताना टेसाला कोविड झाला. दोन दिवस ताप, थोडा खोकला. "पोरांना काही होत नाही त्याचं," असं सगळं गाव म्हणालं, आणि आम्हीही म्हणालो. आधी तिला वास येईनासा झाला. काही महिन्यांनी परत आला तो उलटापालटा होऊन. कांदा, कॉफी, टूथपेस्ट, आईचा शाम्पू, सगळ्याला जळक्या रबराचा आणि सडक्या अंड्याचा वास. आणि सगळ्यात वाईट वास तळणीचा. पोरगी वाळत गेली. जिना चढताना मध्येच बसायला लागली, वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायला लागली. गावातल्या डॉक्टरने रिपोर्ट चाळले आणि सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं. "या वयात मुली नखरे करतात," हेही वर. शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट ऐकून घेतलं. नाकातल्या तुटलेल्या तारा परत जुळताना चुकीच्या जागी जुळल्यात, त्या सुधारतील, पण कधी ते सांगता येत नाही, असं म्हणाल्या.

टेसा थंडगार पांढऱ्या नूडल्स खायची, मिठाशिवाय. काकडी खायची. बस.

ड्वेन बारमध्येच अंघोळ करायचा, गॅरेजमध्ये कपडे बदलायचा, पण तेल कातडीत मुरलेलं. टेसा बापासमोर गुपचूप तोंडाने श्वास घ्यायची. एकदा तो तिच्या कपाळाची पापी घ्यायला वाकला आणि ती त्याच्या शर्टावर ओकली. त्यानंतर तो खोलीच्या उंबऱ्यातच उभा राहून तिच्याशी बोलायला लागला. जेवायचा गॅरेजमध्ये, बर्फाचं फावडं आणि सायकली यांच्यामध्ये बसून.

"माझी पोर परत माझ्याजवळ येईल का गं, लोरी?" एवढंच विचारायचा मला.

गावाकडे उत्तरं तयार होती. "दोन दिवस उपाशी ठेव, तिसऱ्या दिवशी चपला खाईल." हे चर्चमध्ये, प्रार्थनेनंतर. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना उजेड दिसतो. मला या माणसांची शिसारी यायला तेव्हाच सुरुवात झाली.

आणि मग बेव्ह श्रामला दया आली. बेव्ह म्हणजे चर्चच्या बायकांची पुढारी. कुणाचं घर जळो, कुणाला कॅन्सर होवो, आमच्याकडे चर्चच्या तळघरात तिकीट लावून मदतीचं जेवण घालतात, जमलेले पैसे त्या घराला, आणि जेवण म्हणजे मासे. बेव्हने पोस्टर छापलं. वर टेसाचा गुबगुबीत गालांचा जुना फोटो, खाली "टेसासाठी मासे! सोबत बेकनची सोडत!" बेकन म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, तेही तळायचंच.

मी तिला दुकानात गाठलं. "बेव्ह, अगं, त्या पोरीला तळणीच्याच वासाने उलट्या होतात."

"मग? ती थोडीच खाणार आहे? आपण खाणार!"

"निदान थंड सँडविच ठेवा."

"सँडविच खायला कोण येईल, लोरी? तूच सांग."

भीक नको पण कुत्रा आवर, असं ड्वेनने म्हणायला हवं होतं. पण आमच्याकडे चोरी एक वेळ माफ होते, दिलेली मदत नाकारलेली होत नाही. वर तळायला हवा कोण, तर ड्वेनच!

"लोक आपल्यासाठी करतायत," तो म्हणाला. "तोंडावर नाही कसं म्हणू?"

ज्याच्यासाठी जेवण, त्याने दारात बसून आल्यागेल्याचे आभार मानायचे, अशी रीत. टेसा म्हणाली, "आत्या, मी जाते. नाकाने श्वास नाही घेतला की झालं. बाबाला वाईट वाटेल नाहीतर."

तळघराचं छत बुटकं, खिडक्या बंद, धूर डोळ्यांत जाईल इतका. टेसा दाराशी खुर्चीत, ओठ पांढरे पडलेले. लोक तेलकट बोटांनी तिचे गाल ओढत होते. "कुठे आजारी दिसतेस गं? छान तर आहेस!" प्रत्येकाला ती थँक्यू म्हणत होती, आणि बोलायचं म्हणजे श्वास घ्यावाच लागतो. तिची आई रोंडा शेजारी बसून तिची पाठ चोळत होती.

मग बेव्ह माईक आणि प्लेट घेऊन आली. "आपल्या बापाच्या हातचा एक घास, बाळ! फोटोपुरता!" काटा पोरीच्या नाकाखाली. आणि ती गर्दी, देवाच्या घरातली, टाळ्या पिटत ओरडायला लागली, "एक घास! एक घास!"

टेसा ओकली. बेव्हच्या बुटांवर, टेबलक्लॉथवर, सोडतीच्या बेकनवर.

बारमध्ये उभं आयुष्य काढलंय मी, ओकारीची मला किळस येत नाही. किळस आली ती पुढच्या मिनिटाची. "आता मी जेवू कसा?" म्हणत एकाने प्लेट दुसऱ्या टेबलावर नेली आणि चावायला लागला. "लाड आहेत सगळे," एक बाई टार्टर सॉस चाटत म्हणाली. आणि मागून कुणीतरी हाक मारली, "ड्वेन, कॉड मासा आहे का अजून?"

ड्वेन झारा हातात घेऊन धावत आला होता, आणि पोरीपासून दोन हात अलीकडेच थबकला. सवयीने. तिचं तोंड पुसायलासुद्धा त्याला पुढे होता येईना. पुसलं ते रोंडाने, आणि तिला उचलून बाहेर नेलं.

तो परत गेला, गॅस बंद केला. "संपलं."

"संपलं कसं? अर्धा खोका शिल्लक आहे!" बेव्ह म्हणाली.

"तळ मग." त्याने अॅप्रन काढून तिच्या हातात दिला. माझ्या भावाने आयुष्यात कुणाला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर.

बारची नोकरीही त्याने सोडली. आता रस्त्यांवर टाकायचं मीठ ट्रकमध्ये भरतो, उघड्यावर, थंडीत. गाव म्हणतं, कुबियाक कृतघ्न निघाले. बारमध्ये मला ऐकवतात की माशांना पूर्वीची चव नाही, भावाला जरा समजाव. मी त्यांना दारू ओतते आणि मनात थुंकते.

टेसा बरी झालेली नाही. अर्धा दिवस शाळेत जाते, उरलेला दिवस झोपते. परवा मी त्यांच्याकडे बसले होते. ड्वेन कामावरून आला आणि नेहमीसारखा उंबऱ्यात उभा राहिला. टेसाने नूडल्सचा वाडगा खाली ठेवला, उठली, थोडी पुढे गेली, थांबली, अजून थोडी पुढे गेली.

"बाबा, आज तुझा वास थोडासाच घाण आहे."

"थोडासाच?"

"हं. खाली बस."

तो गुडघ्यांवर बसला. तिने एका हाताने नाक गच्च दाबून धरलं आणि दुसरा हात त्याच्या गळ्यात टाकला. तिने हात काढेपर्यंत माझ्या भावाने श्वास घेतला नाही.