मुलाखतीच्या खोलीतले हसू

तक्रारदार : मी स्वतः, शिक्षण नववीपर्यंत, धंदा तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिणे, मुक्काम पारोळा. सामनेवाला : मीच. जिचे नुकसान झाले ती : माझी थोरली मुलगी, त्या वेळी नुकतीच दहावी पास. ठिकाण : धुळ्याच्या एका आयटीआयची मुलाखतीची खोली. काळ : नव्वद सालानंतरचा एक पावसाळा. साक्षीदार : रांगेतली मुले व एक साहेब. नावे कोणाचीच देत नाही.

मुलीला इलेक्ट्रिशियन व्हायचे होते. गल्लीतल्या इतर मुली डी.एड.चे बोलत, नाहीतर लग्नाचे. हिने मात्र शेजारच्या पिठाच्या गिरणीची बंद पडलेली मोटर गिरणीवाल्याशेजारी बसून उघडली होती, जोडली होती. मला तिचा अभिमान होता. माझ्या लेखणीची दखल मोठमोठे अंमलदार घेतात. सबब मुलाखतीचा मजकूरही मीच सिद्ध केला आणि तिच्याकडून आठवडाभर पाठ करून घेतला.

एसटीत ती म्हणाली, "आबा, मी साधंच सांगसू ना. माले मोटर जोडता येस."

"कचेरीत घरची बोली चालत नाही," मी म्हणालो.

खोलीत मी तिच्यामागे उभा होतो. साहेबांनी विचारले, "हाच ट्रेड का हवा?"

ती ताठ उभी राहिली. "सविनय निवेदन करते की, सदरहू व्यवसायाविषयी मजला बाळपणापासून..."

दाराशी रांगेत उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "हाई ते अर्ज वाची ऱ्हायनी रे."

"खांबावर चढीसन वाचजो, ताई," दुसरा म्हणाला.

रांग हसली. साहेबही हसले. साहेब हसले म्हणून मीही हसलो. अधिकाऱ्यासमोर मला तशी सवयच होती. तिने वळून माझ्याकडे पाहिले.

साहेब भले होते. म्हणाले, "बेटा, पाठ केलेलं राहू दे. मोटर उघडता येते का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "माझं शिवणकाम लिहा."

साऱ्या तालुक्याचे गाऱ्हाणे मांडणारा मी. साहेबांनी शिवणकाम लिहिले; खाली पालक म्हणून मी सही केली.

तिची आवडच शिवणाची होती, असे मी लोकांना सांगत आलो. निवड तिने स्वतःच्या तोंडाने केली, हे नाकारता येत नाही. लाज वाटते ती माझ्या या बचावाचीच.

तरी मुलीस विनंती, की त्या दिवशी तू 'नाही' म्हणालीस ते त्या मुलांच्या हसण्यामुळे की माझ्या, एवढे एकदा कळवावे. उत्तर माझ्याविरुद्ध गेल्यास माझी हरकत राहणार नाही.