विहीणबाई गप्प का होत्या

आमच्या न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावात चीनबद्दल छातीठोकपणे बोलणारा एक माणूस आहे. चीनला तो जन्मात गेलेला नाही. माझ्या नवऱ्याचा हा पुण्याचा मित्र दर महिन्याला आपल्या बेसमेंटमध्ये चिनी पिक्चर दाखवतो आणि त्याआधी 'सिनेमा म्हणजे समाजाची खिडकी' यावर आमचं डोकं खातो. आम्हीही मेले समोसे खात माना डोलावतो.

लेकीने चिनी मुलाशी लग्न ठरवलं आणि या दीडशहाण्याचं नशीब उघडलं. मुलगा आपल्या आईला घेऊन जेवायला येणार म्हटल्यावर नवऱ्याने या मित्रालाही बोलावलं. लग्नाच्या बैठकीत आपल्या बाजूने बोलायला एक जाणता माणूस लागतोच ना! मी म्हटलं, "अरे, ती बाई आपल्याआधीपासून जर्सीत राहते, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. तिच्याशी बोलायला हा कशाला?"

"तुला त्यातलं काय कळतं?" झालं, विषय संपला.

पाहुणे आले. जेवायला बसल्याबसल्या मित्राच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. तुमच्या खेड्यांत असं असतं, तुमच्यात सासूचा असा दरारा, तुमचे बाप मुलांना कधी जवळ घेत नाहीत. पाहिलेले सगळे पिक्चर त्याने त्या बाईंपुढे ओतले. त्यांनी दोनतीनदा बोलायला तोंड उघडलं, पण हा थांबेल तर शपथ! शेवटी त्या मुकाट्याने वरणभात जेवू लागल्या. लेकीचे डोळे भरून आले होते.

मी श्रीखंड काढायला किचनमध्ये गेले, तर हे दोघे मागोमाग हजर.

"वहिनी, बाई एकदम गप्प आहेत," मित्र कुजबुजला. "यांच्या पिक्चरमध्ये आई गप्प बसली की समजायचं, नकार आहे."

नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं आणि लगेच फुगलं. "त्यांनी नाही म्हणायच्या आत आपणच कॅन्सल करू. उगाच शोभा नको."

डोंबलाची खिडकी! बेसमेंटमधल्या पडद्यावर बघून पोरीचं लग्न मोडायला निघाले होते. मी वाट्या उचलून तरातरा बाहेर आले, पण नवरा माझ्याआधी पोचला होता.

"हे बघा," तो घसा खाकरून इंग्रजीत म्हणाला, "आम्हाला असं वाटतं की..."

"एक मिनिट." वर्गातली पोरं गप्प करायचा तो आवाज होता. बाईंनी चमचा खाली ठेवला. "तुमची मुलगी मला फार आवडली. तेवढंच सांगायला मी आले होते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माझा मुलगा आवडला का? तुम्हाला इथे कुणी विचारलेलं दिसत नाही."

"त्याचं काय आहे," मित्र लगबगीने म्हणाला, "आमच्या संस्कृतीत..."

"भावजी, तोंड बंद ठेवा," मी म्हटलं आणि बाईंना सांगितलं, "आवडला. खूप आवडला."