दुसरी फिल्म

गोपालकृष्णरावांनी कुंभकोणमच्या एका खासगी दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढले. “श्वास घ्या, धरा, सोडा,” हे ते तमिळमधून दिवसाला साठ वेळा म्हणत. घरी आल्यावर मराठीत बोलायला त्यांच्याकडे फारसं काही उरत नसे. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुऊन हातांना आंबट वास राही. बायको गोमती ताट वाढताना म्हणे, “आधीं ते हात धुवा. चिंचेचा वास कोणचा नि तुमचा कोणचा, कळेना.”

गोमती गेली त्याला आता चौदा वर्षं झाली. छातीचा रोग कळला तेव्हा उशीर झाला होता.

निवृत्त झाल्यावर रावांनी जुना कॅमेरा घेतला आणि आकाशाबरोबर हळूहळू फिरणारी एक मोटर. मृग नक्षत्रातल्या राजन्य ताऱ्याशेजारी धुळीचा एक ढग आहे. त्याला चेटकिणीचं डोकं म्हणतात. त्याला स्वतःचा उजेड नाही. ताऱ्याचा अंगावर पडलेला निळसर उजेड, तेवढाच. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तीन-तीन मिनिटांचे शेकडो फोटो एकावर एक रचले, तर कदाचित दिसतो. कुंभकोणमला पावसाळा उशिरा येतो, कार्तिक पावसात जातो. आकाश मोकळं होतं तोवर शेतांत पेंढा जळू लागतो, आणि भिंगावर कावेरीकाठचं दव धरतं. पाच हिवाळ्यांनी रावांच्या हाती आला तो एका कडेचा राखाडी धुरकटपणा.

मुलगी शरण्या चेन्नईहून आली होती. तिनं लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिलं.

“अप्पा, हें गांवाच्या दिव्यांचं मळभ. एक बटन दाबलं कीं पुसून जाईल.”

“हात लावूं नको.”

“पांच वर्षं ह्या डागासाठीं बसलांत? टॉर्च लावून भिंतीचा फोटो काढला असतात तर लौकर झालं असतं.”

“डाग कीं ढग, तेंच मला कळायचं आहे.”

कळायचा मार्ग एकच होता, जागा बदलणं. घराच्या गच्चीवरून गावाचा उजेड दक्षिणेला दिसे. गावाच्या पूर्वेला तिरुनीलक्कुडीच्या शेतांतून तो पश्चिमेला दिसला असता. मळभ असेल तर उजेडाबरोबर सरकेल. ढग असेल तर राजन्याला सोडणार नाही.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी शरण्यानं गाडी काढली. बांधावर तिपाई रोवली. डास चावत होते. दोन तासांचे फोटो लॅपटॉपवर रचून तिनं घरचं चित्र शेजारी ठेवलं.

धुरकट कड तिथंच होती. तोच वाक, राजन्याच्या त्याच बाजूला.

“अप्पा! ढगच आहे! खरा आहे!”

 राव पडद्याकडे बघतच म्हणाले, “तुझ्या आईच्या छातीच्या फिल्मवर असंच होतं. उजव्या बाजूस, वरतीं. डॉक्टरांनी विचारलं, हें काय? मी म्हटलं, फिल्मच धुरकटली, फॉग आहे, धुवायचा डेव्हलपर जुना झाला.”

शरण्याचा हात कीबोर्डवरच राहिला. “कधीं?”

“रोग कळण्याआधीं सात महिने.”

“दुसरी कां नाहीं काढलीत?”

“पेटींत तीन उरल्या होत्या. बाहेर सात जण बसलेले. घरच्या माणसासाठीं दोन लावल्या म्हणून कोणी बोललं असतं. तीही म्हणाली, नको, चला, उशीर होतो.”

तीन मिनिटं भरली, कॅमेरा वाजला. पुढचा फोटो सुरू झाला.

“मला कां सांगितलं नाहींत?”

“फॉगच असेल असं वाटत होतं,” राव म्हणाले. “आजपर्यंत.”

शरण्या बांधावरून उठली आणि गाडीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. राव तिकडे बघून म्हणाले, “आणखी तासभर काढले तर स्वच्छ येईल.”

“कशाला?” तिनं वळून न पाहता विचारलं. “दिसलं कीं.”

कॅमेरा बंद करायला दोघांपैकी कोणीच गेलं नाही. बॅटरी संपेपर्यंत तो दर तीन मिनिटांनी वाजत राहिला.