राखेने घासलेले हात

पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला, तेव्हा नदीपलीकडच्या आमच्या पिंपळे सौदागरातून तिथे कामाला लागलेली पहिली मुलगी मी. 'पहिली' हा शब्द मी आजही जरा लांबवूनच म्हणते. हे सुख मला पुरते आठ दिवस लाभलं. नवव्या दिवशी आमच्याच पडवीलगतच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या कोकणातल्या कुटुंबातली मुलगी कामाला लागली, आणि तीही माझ्याच खात्यात.

बाटल्यांत औषधाची पूड भरायची, हे आमचं काम. त्या खोलीत जाण्याआधी कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे आणि दारातल्या मोठ्या बाईंना दाखवायचे, आधी तळवे, मग पालथे. मळ दिसला तर परत धुवायला लागायचं. चीर दिसली तर मात्र आत प्रवेशच नाही, कारण चिरेत काय दडून बसलंय याचा भरवसा कोण देणार? चिरा पडलेल्या मुलींनी मागच्या शेडमध्ये खोकी रचायची.

आम्ही दोघी अजून कच्च्या होतो. महिनाअखेर दोघींतली एकच आतल्या खोलीत कायम होईल, हे बाईंनी सांगून टाकलं होतं. पांढरा डगला, पांढरी टोपी, काचेची खिडकी. मला ते सगळं हवं होतं, आणि तिला ते मिळू नये हेही हवं होतं. कोणतं जास्त, ते विचारू नका.

आमच्या घरात स्वच्छ म्हणजे राखेने घासलेलं. तवा तसा, तांब्या तसा, हातही तसेच. मी निघण्याआधी चुलीतली राख आणि काथ्या घेऊन हात घासायची, कारखान्यात कढत पाण्याने तीनदा साबण लावायची आणि पदराने खसाखसा पुसायची. आणि ती? एकदा साबण, गार पाणी, पंच्याने टिपलं की झालं. तरी बाई तपासायच्या तेव्हा तिचा हात क्षणभर धरूनच ठेवायच्या.

पंधरा दिवसांत माझी बोटं सांध्यांवर तडकली; तपासणीत ती ताठ धरून मी चिरा कशाबशा लपवायची.

"तिचं हात बघ, जसं लोणी," आई म्हणाली. "आन् तुझं बघ. घोरपडीची पाठ हाय नुसती."

"ती कमी धुते."

"मग तूबी कमी धू."

"म्हणजे घाण राहू?"

"घाण ऱ्हाऊ नगस. जळू नगस, म्हंजी झालं."

पुढच्या रविवारी ती नदीवर धुणं घेऊन गेली, तिच्या घरचंही कुणी नव्हतं, आणि मी तिच्या खोलीत शिरले. चोरायला नाही, फक्त बघायला. ट्रंकेत, फडक्यात गुंडाळलेला, मुठीत दाबून वळलेला पिवळट पांढरा गोळा निघाला. आम्ही देशावरच्या माणसांनी असली वस्तू कधी पाहिलेली नव्हती. माझी खात्रीच पटली की हा कोकणातला साबण, आणि ही लबाड पोरगी तो लपवून वापरते. मी नखांनी चांगला लिंबाएवढा तुकडा काढला.

निवडीच्या सकाळी त्या तुकड्याने हात धुवायला बसले. फेस येईना. मी जोर लावला. तरी येईना, तेव्हा कोपरापर्यंत चोळला. अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं पाणी हातावरून घरंगळत होतं. मला वाटलं, हीच ती करामत.

कारखान्यातला साबण त्यापुढे टिकलाच नाही. बाईंनी माझ्या हातावरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं.

"ताक घुसळून आलीस का गं?"

"नाही बाई. साबण लावलाय."

"कसला? लोण्याचा?"

रांगेत माझ्यामागे ती उभी होती. तिने आधी माझे हात पाहिले, मग माझं तोंड. तिला सगळं कळलं. आता ही बोलणार, असं मी धरूनच चालले. मी असते तर टाळ्या वाजवून सांगितलं असतं. तिने फक्त आपले हात पुढे केले आणि ती आत गेली. ती कायम झाली, मी खोक्यांना लागले.

संध्याकाळी ती तो टोकरलेला गोळा घेऊन आमच्या चुलीपाशी आली.

"काय गो, चोरलंस ते चोरलंस, विचारायचंस तरी. कोकमाचं तेल आहे ते. बियांतून काढतात, थिजलं की असं घट्ट होतं. आमच्याकडे भेगांना लावतात."

"मला काय माहीत?"

"म्हणून तर सांगत्ये. काम सुटलं की हात धुवायचे, टिपायचे, आणि ओलसर असतानाच मुगाएवढं तळव्यात विरघळवून चिरांवर दाबायचं. कामावर जाताना नाही लावायचं. आणि ती राख आधी सोड. हात आहे तुझा, तवा नाही."

आई पदरात तोंड घालून हसत होती. तो राग वेगळा.

तिने सांगितलं तसं मी केलं, फक्त मुगाऐवजी वाटाण्याएवढं घेत गेले, म्हणजे तिचा गोळा लवकर संपेल. संपलाही. पण तोवर माझ्या चिरा बुजल्या होत्या, आणि पुढची जागा निघाली तेव्हा बाईंनी माझे हात उलटसुलट पाहून मला आत घेतलं. बसायला जागा मिळाली ती नेमकी तिच्या शेजारी.

त्याच आठवड्यात तिच्या आजीने गावाहून दोन गोळे पाठवले.

"एक तुझा," ती म्हणाली.

मी दोन्ही गोळे दोन हातांत घेऊन तोलून पाहिले. मला दिलेला मोठा होता. बाकी सगळं मी तिला केव्हाच माफ केलं, ते तेवढं अजून जमलेलं नाही.