परुळेकरकाकांची उमेदवारी

सदानंद परुळेकर चौदा वर्षं कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत होते. गणपतीचं मखर असो की हळदीकुंकवाचं वाण, सगळं त्यांच्याच गळ्यात. नोकरी जाब्रियातल्या क्लिनिकमध्ये एक्स-रे काढायची. येत्या जूनमध्ये ते निवृत्त होऊन कायमचे रत्नागिरीला जाणार होते. त्याआधी एकदा मंडळाचं अध्यक्ष व्हावं, एवढीच इच्छा. सुनंदाकाकू तीन वर्षांपूर्वीच परत गेल्या. तेव्हापासून सलव्याच्या फ्लॅटमध्ये काका एकटे. आठवडाभराचं साठलेलं बोलणं शुक्रवारी आमच्यावर ओतायचे, आणि आम्ही घड्याळ बघायचो.

आमच्या पॅनेलचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला शुक्रवारी सकाळी मेधाकडे बैठक होती. काका माझ्याच गाडीतून आले. कडक इस्त्रीचा कुर्ता, खिशात भाषणाचा कागद. "प्रसाद, ऐक रे," म्हणत वाटेत दोनदा वाचून दाखवला.

"काका, तुमचं नाव घालू?" मेधाने विचारलं.

"छे छे, मला कशाला? तरुणांना पुढे करा."

आता आपल्यात पहिलं 'नको' म्हणजे काही नकार नसतो. पंगतीत पहिल्याच खेपेला जिलबीला हो कोण म्हणतं? वाढणाऱ्याने हाताआडून वाढायची असते. काका तसाच हात आडवा धरून बसले होते. पण मेधाचे पोहे निवत होते. "काकांचं मन मोठं!" म्हणून तिने मयूरचं नाव पुकारलं. मयूरला कुवेतला येऊन दोन वर्षं झालेली. तो म्हणाला, "आय ॲम रेडी." टाळ्या पडल्या. अनुमोदनासाठी सवयीने सगळे काकांकडे वळले. त्यांनी हात वर केला.

मला सगळं कळत होतं. 'अहो, काकाच हवेत,' एवढं म्हणायला काय जात होतं? पण मयूर ऑफिसात माझा साहेब. वाईटपणा कोण घेणार? मी पोहे खाल्ले. त्याची लाज अजून वाटते.

परतताना गाडीत काकूंचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

"काय झालं हो?"

"नाव निघालं होतं. मी नको म्हणालो."

"मग?"

"मग काय? त्यांनी ऐकलं."

"अहो, पण कोणीच आग्रह केला नाही? प्रसाद होता ना तिथे?"

"होता की," काका म्हणाले. "माझ्या शेजारीच बसला होता."