धाकल्याची मूठ

जे बाळ जन्मालाच आलं नाही, त्याच्यासाठी दिवा कुठे लावायचा हे मला कोणीच सांगू शकलं नाही. पाचव्या महिन्यात ते गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा लोकरीचे मोजे, दुपटी सगळं नजरेआड ठेवलेलं होतं, आणि त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. माणसं वाईट नव्हती. दुःखावर झाकण ठेवलं की ते निवतं, असं आमच्याकडे मानतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने घागरी भरतात. आमच्या घरातही सासऱ्यांची घागर असते, त्यांच्या आईची असते. त्या वर्षी मी घागरींसमोर बराच वेळ उभी राहिले. ज्याला नावच नाही त्याची घागर कोण भरणार, हे विचारायचं धाडस झालं नाही. देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. मी रुसले होते, आणि रुसलेल्या माणसाला शेजारचं घर बरं वाटतं.

हे शेजारचं घर मला फोनवर सापडलं. विक्का नावाचा परदेशातला एक नवा पंथ आहे, निसर्गालाच देव मानणारा. चंद्राच्या कलांप्रमाणे पूजा, ऋतूंचे आठ सण, आणि एक देवी, जी कुमारी, आई आणि म्हातारी अशा तीन रूपांत येते. तो मानणाऱ्या मराठी बायकांचा एक लहानसा गट होता. सुगी संपते तेव्हा तिथे गेलेल्यांसाठी ताट वाढतात आणि न बोलता जेवतात. जन्माला न आलेल्यांसाठीही वाढतात, असं एका ताईंनी लिहिलं होतं. ते वाचून मी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या रडले. इतक्या लांबच्या माणसांना जे सुचलं, ते माझ्या माणसांना का सुचू नये, असं वाटून रागही आला.

मी जळगावात ठिबक सिंचनाचे आराखडे काढते, त्यामुळे कामाला लागले ती मोजमाप घेऊनच. आधी गोल आखायचा, उत्तरेला माती, पूर्वेला धूप, दक्षिणेला दिवा, पश्चिमेला पाणी. फोनमधल्या होकायंत्रावर मी गच्चीवर दिशा काढल्या आणि सुतळी धरून मिठाचा गोल मारला. पूजेला दुधारी सुरा लागतो म्हणे, माझ्याकडे कांदे चिरायची सुरी. सांगितलेला पाला जळगावच्या बाजारात मिळेना म्हणून कडुनिंबाचा पाला पेटवला, तर एवढा धूर झाला की शेजारचे आबा खालून ओरडले, "मच्छर गैरा व्हयनात का वं माय?" मी "हो आबा, फार झालेत" म्हटलं आणि खोकत बसले. गटातल्या ताईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "चुकलं तरी चालतं गं. कोणाला बोलावतेस ते तुला ठाऊक असलं म्हणजे झालं. आधी त्याला नाव तर दे."

मग मी नाव दिलं. पौर्णिमेच्या संध्याकाळी, चंद्र वर येत असताना, गोलात बसून मी ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं. चैत्रातला वारा सुटला होता, दिवा एकसारखा फडफडत होता. नाव घेतलं आणि ज्योत सरळ उभी राहिली, बराच वेळ तशीच राहिली. वारा पडला असेल. मला वाद घालायचा नाही. एवढंच सांगते की त्या दिवशी पहिल्यांदा मला आपण कोणाची तरी आई आहोत असं वाटलं, आणि त्या रात्री मला झोप लागली.

ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नाही. नवऱ्याला अर्धीमुर्धी माहीत होती, पण सासूबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, काय सांगणार? गच्चीवर मिठाचं रिंगण करून सुरी घेऊन बसणारी सून म्हणजे करणी करणारी, असंच गावाकडे कोणीही म्हणेल. अक्का त्याच गावच्या. एकदा त्यांनी विचारलं, "वर काय करस वं?" मी म्हटलं, "ध्यान." त्या म्हणाल्या, "कर माय. मन शांत व्हई." त्यावर आमचं बोलणं संपलं.

मिठाची मात्र गंमत झाली. सांडलेलं मीठ देवाच्या दारी पापण्यांनी उचलावं लागतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि गोल मारताना साफ विसरले होते. सकाळी गच्चीवर गेले तर मिठाचा कण नाही, फरशी पुसलेली. अक्काच पहाटे वर जात. पुढच्या पौर्णिमेला गच्चीच्या दाराशी पांढऱ्या रांगोळीचा डबा ठेवलेला दिसला. मला तो टोमणा वाटला. बाईला मीठ वाया घालवलेलं खपत नाही, असं मनात म्हणत मी रांगोळीचा गोल मारला. त्यानंतर तो डबा कधी रिकामा झाला नाही. तो भरतं कोण, याचा मी विचारच केला नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, डोळे लावून देवीचं रूप देतात, आणि तिच्या नैवेद्याचे रोट घरच्याच माणसांनी खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. त्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन गव्हाची एकेक मूठ सुपात टाकतात. तेवढीच नावं ऐकणं मला जमत नव्हतं. कितीही कान बंद केले तरी शेवटच्या नावानंतर जी शांतता होई ती मला सोसत नसे. म्हणून मुठी घ्यायची वेळ झाली की मी काहीतरी निमित्त काढून गच्चीवर जाई. अक्कांनी कधी हाक मारली नाही. आपल्यावाचून यांचं काही अडत नाही, असं समजून मी वर बसून राही.

गेल्या हिवाळ्यात अक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डोळे आणि डावा हात तेवढा शिल्लक राहिला. यंदाच्या कानबाईला मुठी घेणं माझ्यावर आलं. दरवर्षीप्रमाणे मदतीला धुळ्याहून काकू आल्या, अक्कांच्या धाकट्या जाऊबाई. अक्कांना आम्ही खुर्चीवर बसवून स्वयंपाकघराच्या दाराशी आणलं. मी एकेक नाव घेतलं, एकेक मूठ टाकली. शेवटी स्वतःची टाकली आणि सूप उचलायला गेले. काकूंनी माझं मनगट धरलं.

"आन धाकलानी मूठ?"

"कोण धाकला, काकू?"

"तुना वं." काकू असं बोलल्या की जणू मीच काहीतरी विसरले होते. "तू गच्चीवर जाई बसे, मंग अक्का एक मूठ जास्ती घाले. दरसाल."

सूप तिथेच सोडून मी काकूंकडे वळले. विचारलं, मग तो रोट कोण खायचं?

"कोन खाई? तीच खाये. पदर आडे करीसन खाये."

"मला का नाही सांगितलंत?"

"तिनी सांगू दिधं नही. म्हने, पोरीना घाव आजून वला शे, हात लावू नका."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. रांगोळीचा डबा मला त्याच क्षणी आठवला. वर मी त्याला हाक मारत होते आणि खाली त्या त्याला जेवू घालत होत्या. मधे एक जिना होता, आणि इतक्या वर्षांत दुसरी तिथे असताना तो आम्हा दोघींपैकी एकीलाही उतरता-चढता आला नाही. दोघींनी एकमेकींचा घाव जपला आणि दोघी एकट्या राहिलो. याचं मला जे वाईट वाटतं ते कशानेच भरून यायचं नाही.

मी मूठ भरली. थोडे गहू खाली सांडले, काकूंनी ते एकेक करून वेचले. मी काकूंना विचारलं, अक्का कोणतं नाव घेत होत्या? काकू म्हणाल्या, "नाव नही घे वं. धाकलं म्हने, बस."

संध्याकाळी आरती झाल्यावर धाकल्याचा रोट घेऊन मी अक्कांपाशी बसले. घास मोडून त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, गिळता येत नसेल. मग डाव्या हाताने त्यांनी माझा हात धरला आणि तो घास माझ्याच तोंडाकडे वळवला. मी खाल्ला. पदर आड केला नाही. रडत रडत, सगळ्यांसमोर, अख्खा रोट खाल्ला.

गच्चीवरची पूजा मी सोडलेली नाही. रुसून बाहेर पडले तेव्हा ज्या देवीने मला तिथे बसू दिलं, तिचे उपकार मी कसे विसरू? देवी कुमारी, आई आणि म्हातारी अशा तीन रूपांत येते, हे मी तिथेच शिकले. म्हातारी माझ्याच घरात पहाटे गच्ची पुसत होती, ते मला दिसलं नाही. हल्ली मी काही मागत नाही. जे येतं ते घेते, आणि कोणाच्या हाताने आलं ते आधी बघते.

कानबाईच्या त्या रात्री निजवताना मी अक्कांच्या कानाशी वाकून आमच्या बाळाचं नाव सांगितलं. ऐकून त्यांचे ओठ हलले. त्यांनी तेच नाव घेतलं, की स्वतःच्या मनात ठेवलेलं दुसरंच कुठलं, ते मला कळलं नाही. आता कधी कळणारही नाही.